अर्धवट धुतलेली चादर

धाकट्या लेकीला जुळे झाले, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन येणार हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाळणा एकच आणला होता, नावही एकच ठरलं होतं. त्यामुळे मागून आलेल्याला सगळे 'दुसरा' म्हणू लागले, आणि पुढे त्याचं चांगलं नाव ठेवलं तरी घरात तो कायमचा दुसराच राहिला.

आजीला आनंद झालाच. पण आनंदाच्या पाठोपाठ लेकीचे फोन येऊ लागले. जुळ्यांचं दूध, जुळ्यांचं रडणं, जुळ्यांच्या बापाचं घोरणं असं सगळं सांगून झालं की फोनचा शेवट ठरलेला असे: भिंगरीला माझ्याकडे पाठव.

भिंगरी ही आजीची नात, थोरल्या मुलाची मुलगी. तिला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं, म्हणून ते नाव. तिचे आईवडील दूरच्या एका धरणाच्या कामावर होते. तिथे पत्र्याच्या खोल्या होत्या, धूळ होती, मोठमोठी यंत्रं होती, फक्त शाळा नव्हती. म्हणून पोर आजीपाशी ठेवलेली. आणि आजी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. ढिगाने चादरी यायच्या, धुवून, वाळून, रोलरखालून गरम गरम निघायच्या, आणि आजी त्यांच्या घड्या घालायची. तिच्या घडीचा काठ सुरीसारखा. लाँड्रीतल्या बायका तिला घडीवालीच म्हणत. डाग राहिलेली चादर तिच्या टेबलावर आली तर ती मुकाट्याने परत भट्टीकडे जायची, मग धुणाऱ्याने कितीही नाक मुरडलं तरी.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. आई दिवसभर कामावर, पोर शाळेतून येते ती कुलूपबंद घरात, आणि मी इथे चोवीस तास घरात बसलेय. जिथे दोन रडतात तिथे तिसरी काय जड आहे? तिला भाचीची माया होती, त्यात खोट नव्हती. पण जुळ्यांपुढे तिचे हात कमी पडत होते, हेही तितकंच खरं. भिंगरी तिकडे गेली की दप्तर टेकवल्याबरोबर एक पोर तिच्या कडेवर येणार आणि दुसरं तिच्या पायाशी लोळणार, हे आजीला दिसत होतं. पण नाही कसं म्हणायचं? लेक विचारायची ते खोटं थोडंच होतं?

कारण आधी खरोखरच फार हाल झाले होते. शाळा दुपारी सुटायची, आजीची ड्युटी दिवस कलला की संपायची. मधला वेळ भिंगरी गळ्यात किल्ली घालून एकटी. पहिल्यांदा तिने गजराचं घड्याळ उघडलं. मग शेजाऱ्यांनी बिघडलेला म्हणून बाहेर ठेवलेला रेडिओ उघडला, तो बिघडलेला नव्हता असं मागाहून कळलं. शेवटी एक दिवस तिने आतून दाराची कडीच उघडली, म्हणजे स्क्रू काढून सुटी केली, तर दांडा आत अडकून बसला आणि कडी परत बसवता येईना. आजी दाराबाहेर, पोर दाराच्या आत, आणि मध्ये जमलेली सगळी गल्ली. सुताराने चौकट उचकटून दार काढलं. शेजारीण म्हणाली, "तुमच्या नातीला एखाद्या तुरुंगात नोकरी द्या, एका आठवड्यात सगळे सुटतील." सगळे हसले. आजीही हसली, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

नंतरच्या आठवड्यात शाळेने सूचना लावली की शाळा सुटल्यावर मुलांसाठी वर्ग सुरू होणार. गाण्याचा, बुद्धिबळाचा, मातीकामाचा, चेंडूचा. चांगल्या खोल्या या वर्गांना मिळाल्या. शेवटी एक जोडणीचा वर्ग होता, त्याला जिन्याखालची खोली. तो विज्ञानाच्या बाई घेणार होत्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसला तरी चालायचं, पण पाना असायचाच, म्हणून मुलं त्यांना मागे पानाबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी नुसता पाना काढून ठेवला होता, तर त्यांनी तो पुसला नाही, फक्त त्याचं तोंड उलटं काढलंय म्हणून दुरुस्त केला.

भिंगरी त्या वर्गात गेली आणि आजीचा जीव भांड्यात पडला. पोर दिवेलागणीपर्यंत शाळेत, डोळ्यांसमोर मोठं माणूस, आणि हातात उघडायला परवानगी असलेली वस्तू. लाँड्रीत बायका म्हणाल्या, "काय गं घडीवाली, हल्ली घड्याळाकडे बघायची थांबलीस?" आजी म्हणाली, माझं घड्याळ आता दुसऱ्या बाईंकडे असतं.

रात्री जेवताना भिंगरी वर्गातलं सगळं सांगायची आणि दमलेली आजी अर्ध्या कानाने ऐकायची. त्या वर्गाची एक रीत होती. जो वस्तू उघडेल त्याने ती जोडायची नाही. उघडणाऱ्याने प्रत्येक भाग पांढऱ्या चादरीवर मांडायचा, जो आधी निघाला तो डावीकडे, नंतरचा त्याच्या पुढे, स्क्रू ज्या भोकातला त्या भागाच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी जोडणार दुसराच. त्याने काही विचारायचं नाही, याने काही सांगायचं नाही. जे काय ते चादरीने सांगायचं. बाई म्हणायच्या, स्वतःला कळणं सोपं असतं, दुसऱ्याला कळेल असं मांडून ठेवता आलं की शिकलात. आणि जोडून झाल्यावर जे स्क्रू उरतील ते फळीवरच्या एका बरणीत टाकायचे. तिला 'उरलेल्यांची बरणी' म्हणायचे, आणि ती अर्ध्याच्या वर भरली होती.

या सगळ्यातून आजीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: कुठेतरी एक पांढरी चादर तेलाने खराब होतेय.

बाईंसाठी काहीतरी करावं असं तिला फार वाटायचं. पण बाई काही घेतच नसत. एकदा तिने ताजे पाव पाठवले, ते बाईंनी मुलांना वाटून टाकले आणि रिकामी पिशवी नीट दुमडून परत पाठवली. एकदा निरोप दिला की घरचे पडदे द्या, धुवून देते. बाईंचा उलटा निरोप आला की माझ्याकडे पडदेच नाहीत, खिडकीसमोर झाड आहे. समोर जाऊन दोन शब्द बोलावे, तर आजी शाळेच्या फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. स्वतः शाळेत गेलेली नसल्यामुळे ती फरशी आपल्यासाठी नाही असं तिला वाटायचं. ती बाहेर उभी राहायची, आणि बाई मुलांना सोडायला आल्या की लांबूनच हात जोडायची. बाई मान हलवायच्या. एवढंच त्यांचं बोलणं.

वर्ष सरत आलं तेव्हा बातमी फुटली की जिन्याखालची खोली जाणार. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे चौकातले चष्मेवाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या दुकानात सगळं काचेत मांडलेलं, आणि जिन्याखालची ती तेलकट खोली त्यांच्या डोळ्यांत खुपायची. तिथे टेबल टेनिसचं टेबल बसेल असं त्यांनी मोजून ठेवलं होतं. बाईंनी खोली सोडायची नाही असं ठरवलं. मग अध्यक्षांनी त्यांच्या आईचं शिवणयंत्र आणून दिलं, काळं, हाताने फिरवायचं, कित्येक वर्षं जाम झालेलं. सोमवारी पालकांच्या सभेत हे चालवून दाखवा, म्हणाले, मग खोलीचं बोलू.

भिंगरीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजीने पूर्ण कानाने ऐकलं. खोली गेली तर वर्ग गेला. वर्ग गेला तर पोर पुन्हा कुलूपबंद घरात, आणि मग लेकीला नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. त्याच रात्री लेकीचा फोन आला. आजी म्हणाली, सोमवारनंतर सांगते. लेक म्हणाली, सोमवारनंतर नक्की ना, मी खाट रिकामी करून ठेवते.

शुक्रवारी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला आणि सगळ्यांना लवकर सोडलं. आजी फाटकाशी आली तेव्हा मुलं मागच्या मैदानावर होती. काम झालं की बाई त्यांना शेवटी थोडं पळायला नेत. फाटकावर कुणी नव्हतं. शिपाई, ज्याला मुलं मिशीकाका म्हणत, टाकीकडे गेला होता. जिन्याखालचं दार उघडं. आजी भीतभीत फाटकातून आत गेली आणि तिने नुसतं डोकावलं.

आत जमिनीवर चादर. पांढरी कसली, एकेकाळची पांढरी. तिच्यावर चाकं, दांडे, पट्ट्या, चिमुकले स्क्रू, आणि प्रत्येकाखाली काळपट तेलाचा ओघळ. इस्पितळात असली चादर तिने टेबलाला टेकू दिली नसती. तिचे हात शिवशिवले. एवढे दिवस बाईंसाठी करण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि इथे ते जमिनीवर पसरून ठेवलेलं होतं. सोमवारी सभा. चार माणसं येणार, अध्यक्ष येणार, ते ही चादर बघणार.

आजीने चपला बाहेर काढल्या. कोपऱ्यात एक रिकामा पत्र्याचा डबा होता तो घेतला. एकेक भाग उचलून पदराने पुसला आणि डब्यात ठेवला, मोठे खाली, बारीक वर, कुठे ओरखडा उठू नये म्हणून मध्ये कागदाचे बोळे. डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. चादरीची घडी घातली, पिशवीत टाकली, आणि बाहेर येऊन फाटकाशी रोजच्या जागी उभी राहिली. मुलं मैदानावरून आली तेव्हा मिशीकाकाने खोलीला कुलूप घातलं होतं. भिंगरी धावत आली. आजीच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की भिंगरीने विचारलं, काय झालं. आजी म्हणाली, काही नाही, सोमवारी कळेल.

शनिवारी सकाळी भिंगरी शाळेत गेली. त्या दिवशी यंत्र जोडायचं होतं. आजीची सुट्टी. तिने चादर भिजवली, साबण लावला, घासली, खळबळून काढली. तेल हटेना. काळं गेलं, पण पिवळट डाग राहिलेच. आजीला स्वतःचीच लाज वाटली. सोडा टाकून उकळायची म्हणून तिने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. पाणी गरम होत होतं, चादर बादलीत पिळून ठेवलेली, तेवढ्यात भिंगरी परत आली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

कुणीतरी सगळं मोडलं, असं तिने सांगितलं. चादर गायब होती, आणि सगळे भाग एका डब्यात कोंबले होते. मुलं सकाळपासून बसली होती, काही केल्या कुठला भाग कुठला ते कळत नव्हतं. बोक्या, म्हणजे सातवीतला तो दांडगा मुलगा, म्हणाला की हे मिशीकाकांचंच काम, त्यांना त्या खोलीत झाडू ठेवायचेत. मिशीकाका चिडून फाटकाशी जाऊन बसले. बाई म्हणाल्या, कुणाला नाव ठेवायचं नाही, कुणी मुद्दाम करत नाही. पण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, आणि तो त्या फार क्वचित काढतात.

एवढं बोलून भिंगरी पाणी प्यायला वळली आणि तिला बादली दिसली. तिने चादरीचं टोक उचललं. त्या टोकाला तिने स्वतः घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका होता.

"आजी," ती म्हणाली, "तू?"

आजी बादलीपाशीच जमिनीवर टेकली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिने नातीला काय सांगितलं ते धड तिलाही कळलं नसेल: डाग होते, सभा होती, बाई काही घेतच नाहीत. भिंगरीने ऐकून घेतलं. मग ती आजीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. भिंगरी एवढा वेळ एका जागी बसलेली आजीने कधी पाहिली नव्हती.

"चल," आजीच शेवटी उठली. "त्या मिशीवाल्याला उगाच बोल लागतोय."

पातेल्याखालचा जाळ तिने विझवला. ओली चादर तशीच पिशवीत घातली.

फाटकाशी मिशीकाका पाठ करून बसला होता. आजी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ते मी केलं. तो म्हणाला, "मग आत जाऊन सांगा, मला कशाला सांगता? माझी मिशी काय परत उभी राहणार आहे का?" खरोखरच तिची टोकं खाली आली होती. आजी आत गेली. आदल्या दिवशी ती त्या फरशीवरून भीतभीत गेली होती. आज तिला फरशी दिसलीच नाही.

खोलीत बाई, बोक्या आणि आणखी दोनचार मुलं, मध्ये डबा. आजीने एका दमात सांगितलं. मुलं ऐकत राहिली. बोक्याने मान खाली घातली, कारण त्याने मिशीकाकांचं नाव घेतलं होतं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"चादर धुतलीत?" त्यांनी विचारलं.

"धुतली."

"स्वच्छ निघाली?"

इतकी वर्षं जिने डाग असलेली एकही चादर पुढे जाऊ दिली नाही, तिला हा प्रश्न चार पोरांसमोर विचारला गेला. आजीचा चेहरा लाल झाला.

"नाही निघाली हो," ती म्हणाली. "डाग राहिलेत. सोडा घालून उकळायची होती, तेवढ्यात ही आली. लाज वाटते दाखवायला."

बाई खुर्चीवरून उठल्या. "दाखवा," म्हणाल्या.

आजीने चादर काढली. एक टोक तिने धरलं, एक बाईंनी, आणि दोघींनी ती खिडकीसमोर ताणली. दुपारचं ऊन पलीकडून आलं. ओल्या कापडात पिवळे डाग पाण्यातल्या सावल्यांसारखे उमटले. एक मोठा गोल. त्याच्या शेजारी लांबट पट्टी. मग चंद्रकोरीसारखं काहीतरी. मग ठिपके, ठिपके.

मग बोक्या पुढे आला, गोलावर बोट ठेवून म्हणाला, "हातचाक." आणि त्याच्या मागून एक बारीक आवाज म्हणाला की ती पट्टी म्हणजे पुढचं झाकण. कोर म्हणजे खालचा दोरा धरणारं शटल. आणि मग सगळे एकदमच बोलू लागले.

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. रीत मोडायची नाही, म्हणाल्या. ज्यांनी उघडलं ते बाजूला. ज्यांनी उघडलं नाही तेच डागांवर भाग मांडतील. भिंगरीने उघडलं होतं, ती हात मागे बांधून भिंतीला टेकली आणि ओठ चावत उभी राहिली. चादर पुन्हा जमिनीवर पसरली. डब्यातून भाग निघू लागले. मोठे चटकन बसले, आपापल्या डागात अगदी झोपायला गेल्यासारखे. मधल्यांसाठी वाद झाले. बारीक स्क्रूंचे डाग मात्र धुण्यात गेले होते. तिथे पोरं प्रत्येक स्क्रू प्रत्येक भोकात लावून बघत बसली. आजी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. एकदा बाईंनी तिच्या हातात तेलाची कुपी दिली, मागितली की द्या म्हणाल्या. ती कुपी आजीने दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सोमवारी सभेला आजीने सुट्टी घेतली. खोलीत पालक दाटीने उभे होते. टेबलावर यंत्र, काळं, चमकणारं. अध्यक्षांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते खालून वरून पाहिलं. मग त्यांनी विचारलं की हे कुणी उघडलं. चार हात वर झाले. कुणी जोडलं? दुसरेच हात वर झाले. म्हणजे उघडणारे वेगळे आणि जोडणारे वेगळे? मग यांना कळलं कसं? बाईंनी वर्गातल्या सर्वात लहान पोराकडे बघितलं. त्याने चादरीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की ही सांगते. आधी चांगलं सांगते, पण या वेळी आजींनी धुतली म्हणून थोडं पुटपुटली.

लोक हसले. आजीने पदर तोंडाला लावला.

अध्यक्षांनी चाक फिरवलं. ते फिरलं. सुई खाली गेली, वर आली, तो जुना टकटक आवाज खोलीभर झाला. अध्यक्ष फिरवतच राहिले. मग ते थांबले आणि कापड मागितलं. कापडाचं कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजीने चादरीचं टोक उचलून पुढे केलं. अध्यक्षांनी ते सुईखाली घेतलं आणि शिवण घातली, वीतभर, वाकडीतिकडी.

"आई असती तर म्हणाली असती, उसव आणि परत घाल," ते म्हणाले. मग काही वेळ त्यांनी नुसता यंत्रावर हात ठेवला. टेबलावर दोन स्क्रू पडले होते, ते त्यांच्या नजरेला पडले. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"उरले," बाई म्हणाल्या. "यंत्र चालतंय आणि स्क्रू उरलेत, म्हणजे एक तर आपण चुकलो, नाहीतर बनवणारा."

त्यांनी ते बरणीत टाकले. अध्यक्ष मोठ्याने हसले, आणि टेबल टेनिसचं टेबल त्या दिवशी व्हरांड्यात गेलं. खोली राहिली.

लोक पांगले तेव्हा आजी बाईंसमोर उभी राहिली. कितीतरी दिवसांचं साठलेलं तिला बोलायचं होतं: तुमच्यामुळे माझी पोर माझ्यापाशी राहिली, माझ्या घराला आधार झाला. पण शेवटी तिने एवढंच विचारलं की चादर नेऊ का, नीट उकळून आणते.

"नका," बाई म्हणाल्या. "आजी, तुमच्या हातचं धुणं त्या दिवशी चांगलं झालं असतं तर आपण सगळे बुडालो असतो."

आणि दोघी इतक्या हसल्या की मिशीकाका काय झालं ते बघायला आला. त्याची मिशी पूर्ववत झाली होती. आजीने त्याच्या गणवेशाला दर आठवड्याला इस्त्री करून द्यायचं कबूल केलं, आणि तो निवृत्त होईपर्यंत करूनही दिली. त्याच्या बाहीची कडा एवढी टोकदार असे की मुलं लांबून जात.

रात्री आजीने स्वतः लेकीला फोन केला. भिंगरी इथेच राहील म्हणाली. लेक रुसली. मी खाट रिकामी केली होती, म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली की आता दुसऱ्याला त्या खाटेवर झोपवते, पाळण्यात दोघं एकमेकांना लाथा मारतात. आणि मग आजीने तिला सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा लेक हसली आणि म्हणाली, आई, तुझ्या हातून डाग राहिला? खरं सांग, तू आजारी तर नाहीस ना?

त्यानंतर आजी फाटकाबाहेर उभी राहिली नाही. ड्युटी संपली की सरळ जिन्याखाली. बाईंनी तिला काम दिलं. एखादी वस्तू उघडून मांडली की मुलांनी आजीला बोलवायचं. यंत्रातलं काही न कळणाऱ्या आजीला नुसत्या चादरीकडे बघून क्रम सांगता आला तर मांडणी बरोबर, नाहीतर पुन्हा मांडा. आजी कधी मुद्दाम चुकीचं सांगायची, पोरं ओरडायची, तिला मजा यायची. पुढे बाईंनी भागांखाली पेन्सिलीने नावं लिहायला लावली. मुलं म्हणाली, त्या निमित्ताने आजीही वाचेल. आजीला वाचता आलेला पहिला शब्द 'चाक'. दुसरा 'दांडा'. 'स्क्रू' मात्र तिला बरेच दिवस जमला नाही. एवढ्याशा वस्तूला एवढी गुंतागुंत कशाला, असं ती म्हणायची.

चादर ती महिन्यातून एकदा धुवायची, पण तेवढीच, काळं जाईल आणि पिवळं राहील अशी. जन्मभर स्वच्छ धुणाऱ्या हाताला अर्धवट धुणं शिकायला वेळ लागला. वर्षांमागून वर्षं त्या कापडावर डागांवर डाग चढले, पंखे, पंप, घड्याळं, एका सायकलची अख्खी साखळी. वाकडी शिवणही तशीच राहिली. भिंगरी मोठी झाली आणि त्याच इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायला लागली. तिथला लाँड्रीचा बॉयलर ती उघडते तेव्हा खाली चादर अंथरते, आणि जोडायला दुसऱ्याला बोलावते. लोक म्हणतात, हिची ही काय पद्धत! ती सांगत बसत नाही. हाताखाली आलेल्या नव्या पोरांना ती आधी मांडायला लावते.

लेकीच्या जुळ्यांना मिसरूड फुटली, दुसऱ्याला आधी आणि पहिल्याला नंतर, त्या वर्षी थंडी सरताना एका मंगळवारी सकाळी पानाबाई वारल्या. आजीने जिन्याखालच्या चादरीची घडी घातली, सुरीसारख्या काठाची, पण त्या महिन्यात ती धुतली नाही.